आरशात लांब दिसणारी गाडी एकदम शेजारी कशी काय येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही रोज जाऊन-येऊन २४ किमी सायकल चालवायला लागलात, सायकल सरळ हँडलची हायब्रिड आहे, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली, मान आखडलेली असते म्हणून मागे वळून बघणं जड जातं, त्यामुळे हँडलच्या टोकाला बसणारा छोटा गोल आरसा घेतला. आता होतंय काय की त्यात गाडी लांब दिसते आणि दोन-तीन सेकंदात ती चक्क शेजारी असते, वर चित्र थरथरतं ते वेगळंच. तर हा काढून हेल्मेटवरचा घ्यावा का, की आरशाच्या नादालाच लागू नये?

मी गेली सतरा-अठरा वर्षं कामाला सायकलनेच जातो आणि सुट्टीला लांबच्या राइड करतो, तेवढ्यात हँडलचे, हेल्मेटचे, चष्म्याचे असे सगळे मिळून आठ-दहा आरसे झाले असतील, त्यातले निम्मे मोडले. त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

पहिली गोष्ट, तुमचा आरसा बिघडलेला नाहीये. तो बहिर्गोल आहे, म्हणजे बाहेर फुगलेला, आणि बहिर्गोल आरसा असंच दाखवतो. हिशोब करून बघा, पटेल. समजा आरसा डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे आणि ५ सेंटिमीटर रुंद आहे. तो सपाट असता तर ३० मीटर मागे तुम्हाला रस्त्याची जेमतेम अडीच मीटर रुंदी दिसली असती, म्हणजे एक कार मावली की संपलं, आणि डोकं जरा इकडेतिकडे झालं की तीही गायब. म्हणून एवढ्या लांब बसणाऱ्या छोट्या आरशाला बहुतेक वेळा बहिर्गोल काच देतात. आता तीच काच ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा आहे असं धरा, तर तेवढ्याच ३० मीटरवर साडेसात मीटर रुंदी दिसते, म्हणजे जवळपास अख्खा रस्ता. छानच की. पण रुंदी तिप्पट मिळाली त्याची वसुली अशी होते की प्रत्येक वस्तू एक तृतीयांश दिसते, म्हणजे ३० मीटरवरची कार ९० मीटरवर असल्यासारखी वाटते.

आता यात वेग घाला. तुम्ही ताशी २० ने चाललाय, कार ६० ने येतेय, फरक ताशी ४० चा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. आरशात बघून डोकं म्हणतं ९० मीटर आहे, आठ सेकंद आहेत, आरामात खड्डा चुकवू. आणि खरे हातात असतात तीन सेकंदांपेक्षा कमी. बस, तुमची "एकदम शेजारी" येणारी गाडी ती हीच.

सगळे बहिर्गोल आरसे सारखे नसतात. त्रिज्या १२० सेंटिमीटर असेल तर त्याच अंतरावरून वस्तू निम्मी दिसते, एक तृतीयांश नाही, आणि हा फरक वापरताना खूप जाणवतो. पण पाकिटावर त्रिज्या लिहिलेली क्वचितच सापडते, त्यामुळे घेतानाच आरसा हँडल असतं तेवढ्या अंतरावर हातात धरायचा, त्यात मागची एखादी लांबची वस्तू बघायची, आणि लगेच वळून ती वस्तू उघड्या डोळ्याने बघायची. अगदीच खेळण्यातली दिसली तर तो ठेवून द्यायचा. आणि कडेला चित्र वाकडं होतंय का तेही बघा, स्वस्त ॲक्रिलिकमध्ये हे फार असतं, विजेचा खांब आरशात सरकवला की तो सापासारखा वळवळतो.

हेल्मेटच्या आरशाची गंमत इथेच आहे. तो डोळ्यापासून साधारण १० सेंटिमीटरवर असतो. एवढ्या जवळ अडीच सेंटिमीटरचा एवढुसा सपाट तुकडासुद्धा ३० मीटर मागे तीच साडेसात मीटर रुंदी दाखवतो, आणि वस्तू दिसते तिच्या खऱ्या आकाराची, लहान-बिहान काही नाही. शिवाय तो डोक्यासोबत फिरतो, म्हणजे मान दहा अंश हलवली की नजर दहा अंश सरकते आणि मागचा रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत झाडल्यासारखा बघता येतो. मान आखडलेल्या माणसाला दहा अंश जमतातच. चष्म्याच्या काडीला अडकवायचे आरसे पण याच जातीचे, टेक-अ-लुक नावाचा एक जुना प्रकार आहे, पितळी तारेवर चौकोनी तुकडा, दिसायला अगदी दंतवैद्याच्या ट्रेमधून उचलून आणल्यासारखा, पण त्यावर जीव टाकणारे लोक आहेत आणि त्यातला एक मी.

मग सगळे तोच का नाही वापरत? कारण पहिले आठ-दहा दिवस डोकं उठतं. हा आरसा एकाच डोळ्याला दिसतो, दुसऱ्या डोळ्याला समोरचा रस्ता, आणि मेंदूला कळत नाही कोणाचं ऐकायचं. त्यात बहुतेक जण चूक ही करतात की आरशाच्या काचेकडे बघतात. काचेकडे बघायचं नाही, खिडकीतून बाहेर बघतो तसं काचेतून लांब बघायचं. नजर लांबची ठेवली की चित्र आपोआप स्वच्छ होतं. मला सवय व्हायला दोन आठवडे लागले, माझ्या बायकोला तीन दिवस, आणि एका मित्राला महिना झाला तरी जमेना, त्याने शेवटी हँडलचा लावला आणि तो सुखात आहे. कोणाला जमेल ते आधी सांगता येत नाही, लावूनच बघावं लागतं.

इथे चाळिशीवाल्यांसाठी एक गोष्ट. सपाट आरशात गाडीची प्रतिमा गाडी जितकी लांब तितकीच लांब असते, त्यामुळे लांबचं नीट दिसत असेल तर सपाट आरशातलंही नीट दिसतं, आरसा नाकापुढे असला तरी. बहिर्गोल आरशात मात्र लांबची प्रतिमा काचेच्या थोडीशीच मागे तयार होते. वरच्याच उदाहरणात ती काचेमागे ३० सेंटिमीटरवर, म्हणजे डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर असते. चाळिशी लागलेल्याला हे किंचित मऊ दिसतं पण चालून जातं. तोच बहिर्गोल आरसा जर हेल्मेटवर लावला तर प्रतिमा ४० सेंटिमीटरवर येते, म्हणजे पुस्तक वाचायचं अंतर, आणि तुम्ही तर लांबचा चष्मा लावून बसलेले. मग सगळं धूसर आणि माणूस म्हणतो आरसा भंगार आहे. त्यामुळे हेल्मेटवर किंवा चष्म्यावर घ्यायचा तर सपाटच घ्या, कोणी "वाइड अँगल" म्हणून कितीही कौतुक केलं तरी. हँडलवर थोडा बहिर्गोल चालतो, किंबहुना तिथे तोच लागतो.

बाजूचं पण सांगून टाकतो. आरसा ज्या बाजूने गाड्या तुम्हाला ओलांडतात त्या बाजूला. वाहतूक डावीकडून चालत असेल तर उजवीकडे, उजवीकडून चालत असेल तर डावीकडे. ऐकायला उगाच सांगतोय असं वाटेल, पण बाजारातले कितीतरी आरसे एकाच बाजूला बसतील असे बनवलेले असतात, विशेषतः हेल्मेटचे, आणि मागवल्यावर लक्षात येतं की तो उलट्या बाजूचा आहे. दोन्हीकडे फिरवता येतो का हे आधी बघा. चष्म्याच्या आरशाला काडी सरळ आणि जरा जाडसर लागते, स्पोर्ट्स गॉगलच्या रुंद पट्टीसारख्या काड्यांवर ती पकड बसत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो, कारण कुठला आरसा घेतला यापेक्षा त्याला काय विचारायचं हे जास्त महत्त्वाचं आहे आणि ते मी मार खाता खाता शिकलो.

माझ्या पहिल्या आरशाला महिनाभर झाला असेल. पुढे रस्त्यात मोठा खड्डा, आरशात बघितलं, रस्ता मोकळा, बिनधास्त बाहेर सरकलो आणि माझ्या कोपराला घासून एक मोटरसायकल गेली. तो माणूस मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. मोटरसायकल आरशात नव्हतीच, कारण ती मागे राहिलीच नव्हती, ती माझ्या मांडीच्या रेषेत आलेली होती, म्हणजे आरशाच्या चित्रातून बाहेर पडलेली पण माझ्या नजरेच्या टप्प्यात अजून न आलेली. प्रत्येक आरशाला ही न दिसणारी आंधळी पट्टी असते, कितीही महागाचा घ्या. तेव्हापासून मी आरशाला फक्त "नाही" म्हणायचा अधिकार दिलाय. आरशात गाडी दिसली, तर सरकायचं नाही, विषय संपला, मान वळवायची पण गरज नाही. आरशात काही दिसलं नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की आता मान वळवून बघायला हरकत नाही. "हो" म्हणणार ती मान.

यात मान आखडलेल्यांचा फायदाच आहे बघा. आरसा नव्हता तेव्हा एका खड्ड्यासाठी तीन-तीन वेळा वळून बघावं लागायचं, आता आरसा दोन वेळा "नाही" सांगतो आणि तिसऱ्यांदा तो गप्प बसला की एकदाच मान वळवायची. रोजच्या रस्त्यावर माझं मागे वळणं निम्म्याहून कमी झालं असेल. आणि मागे वळायला साधारण एक सेकंद लागतो, २५ च्या वेगाने तेवढ्यात तुम्ही ७ मीटर पुढे गेलेले असता, समोर न बघता. सात मीटरमध्ये काय काय येतं ते सायकलवाल्याला सांगायला नको.

क्रम असा ठेवायचा, आरसा, मान, हात दाखवणं, परत एकदा आरसा आणि मग सरकणं. शेवटचा आरसा का, तर हात दाखवल्यावर मागचा काय करतोय ते कळतं, वेग कमी करतोय की अजूनच रेटतोय.

बरं, मान वळतच नाही त्यांनी काय करायचं? एक युक्ती आहे. नुसती मान वळवायची नाही, ज्या बाजूला बघायचं त्या बाजूचा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवायचा, जरा सरळ बसायचं आणि छातीसकट वळायचं. वळण कंबरेतून आणि खांद्यातून येतं, मानेला फार करावं लागत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे हँडल ओढलं जात नाही, नाहीतर दोन्ही हात हँडलवर ठेवून वळलं की सायकल पण हळूच त्याच बाजूला जाते, म्हणजे नेमकी गाड्यांच्या बाजूला. हे रिकाम्या मैदानात एखाद्या रेषेवर चालवून आधी शिका, रस्त्यावर नको. आणि अगदीच मान धरलेली असेल त्या दिवशी अवघड वळणावर कडेला थांबायचं, उतरायचं, चालत ओलांडायचं. मी करतो. कोणी हसत नाही, हसलं तर हसू दे.

तर आरशातलं अंतर ओळखायचं कसं. एका नजरेत अंतर ओळखायच्या भानगडीत पडूच नका, बहिर्गोलमध्ये तर नाहीच. दोन नजरा टाकायच्या. एकदा बघितलं, परत समोर बघितलं, साधारण एक सेकंदाने पुन्हा आरशात. दुसऱ्या वेळी गाडी तेवढीच दिसली तर ती लांब आहे किंवा हळू आहे. दुसऱ्या वेळी स्पष्ट फुगलेली दिसली तर थांबा, जाऊ द्या तिला. अंतराचा आकडा नकोच आहे आपल्याला, ती फुगते किती भराभर तेवढं कळलं की पुरे.

आणि पहिले दोन आठवडे एक खेळ खेळा. एखादा खांब ओलांडला की लक्षात ठेवा, आरशात मागची गाडी त्या खांबापाशी आली की मनात मोजायला लागा, तुमच्या शेजारी येईपर्यंत किती आकडे झाले ते बघा. किंवा मोकळ्या रस्त्यावर आरशात बघून अंदाज करा, की लगेच वळून खरं बघा. पंचवीस-तीस वेळा केलं की डोक्यातलं माप आपोआप बदलतं, मोटरसायकलवाल्यांचं नाही का बदलत, त्यांचेही आरसे बऱ्याचदा बहिर्गोलच असतात.

अजून एक गोष्ट बघायची ती म्हणजे गाडीची जागा. मागून येणारी गाडी जरा बाहेर सरकायला लागली, म्हणजे तिचं एक अंग तुमच्या रेषेच्या बाहेर दिसायला लागलं, की समजायचं तिने तुम्हाला बघितलंय, आणि हे दिसलं की मनावरचं ओझं उतरतं. ती अगदी जवळ येऊनही नाकासमोर तुमच्याच मागे असेल तर आपण कडेला दबायचं आणि कडेला उतरायला जागा कुठे आहे ते आधीच बघून ठेवायचं. माझ्या दृष्टीने आरशाची सगळ्यात मोठी कमाई ही आहे. आवाजावर आता भरवसा राहिला नाही, इलेक्ट्रिक गाड्या हळू वेगात जवळपास मुक्या असतात आणि समोरून वारा असला की कानात फक्त वाराच.

आणि एक गाडी गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. ट्रकच्या मागे काय आहे ते आरशाला दिसत नाही, माणसालाही दिसत नाही. ट्रक गेला की परत सगळं पहिल्यापासून, आरसा, मान, हात.

नवीन आरसेवाल्यांना एक रोग होतो, सारखं आरशातच बघत बसायचा. मागे काय काय येतंय हे पहिल्यांदाच दिसायला लागल्यामुळे भीती वाटते ते साहजिक आहे, पण सायकल पुढे जात असते हो. मोकळ्या रस्त्यावर पाच-सात सेकंदातून एकदा, आणि पुढे काही अडचण दिसली की लगेच एकदा, एवढं खूप झालं. उभी असलेली गाडी, जिचा दरवाजा उघडू शकतो, अरुंद पूल, खड्डा, रस्त्यावर सांडलेली वाळू, हे लांबून दिसल्या दिसल्या आरशात बघायचं, तिथे पोचल्यावर नाही. आरशातलं समजायला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त लागत असेल तर आरसा चुकीचा बसवलाय.

बसवायचं म्हणाल तर, भिंतीला टेकून सायकलवर बसा, जसे चालवताना बसता तसेच, ताठ नाही. हँडलच्या आरशाच्या आतल्या कडेला तुमच्या दंडाची किंवा खांद्याची अगदी बारीक पट्टी दिसली पाहिजे. ती पट्टी नसेल तर चित्र कुठल्या दिशेचं आहे हे डोक्याला कळत नाही, आणि जास्त असेल तर तुम्ही स्वतःलाच बघत फिरणार. क्षितिज मधोमध किंवा किंचित वर, आकाश बघून काय करायचंय. कोणाला तरी दहा-पंधरा मीटर मागे उभं करून इकडून तिकडे चालायला लावा, तो कुठे गायब होतो ते बघा, ती तुमची आंधळी पट्टी, लक्षात ठेवा. हेल्मेटच्या आरशात पट्टीऐवजी कानाची किंवा खांद्याची कड. आणि आधी हेल्मेट नेहमीसारखं घट्ट करायचं, मग आरसा फिरवायचा, उलटं केलं तर रोज सकाळी नव्याने जुळवत बसाल.

थरथर. हँडलचा आरसा जितक्या लांब दांडीवर तितका थरथरतो, कारण दांडी प्रत्येक धक्का वाढवून पोचवते. मोटरसायकलचा आरसा सायकलला लावणारे लोक मी बघितलेत, तो तर जड असतो आणि दर दोन दिवसांनी मान टाकतो. तुमचा टोकातला आहे म्हणजे दांडी आखूडच असणार, मग आधी बघा ढिलं काय आहे. बहुतेक वेळा आरशामागचा गोळीचा सांधा ढिला असतो, तिथे स्क्रू असेल तर पाव फेरा आवळा. नसेल तर जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा सांध्यात किंवा क्लॅम्पखाली घाला, जादू आहे ती ट्यूब. हँडलच्या आत फुगून बसणारा जो भाग असतो तो ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, नीट घट्ट झालाय का बघा, पण हँडल कार्बनचं असेल तर तिथे जोर लावू नका, आतून फुगवलेलं कार्बन तडकतं, आणि कार्बनचं असेल तर मी सरळ बाहेरून पट्ट्याने बांधायचा आरसा घेईन, झेफाल स्पाय सारखा. टायरमध्ये हवा दगडासारखी भरली असेल तर थोडी कमी करून बघा, मनगटांनाही बरं वाटेल. एवढं करूनही खराब रस्त्यावर चित्र थोडं थरथरणारच, पण गाडी आहे की नाही एवढं कळतं. हेल्मेटचा आरसा यात सरस, कारण मान आणि पाठ मिळून निम्मे धक्के खाऊन टाकतात.

टोकाच्या आरशाने सायकलची रुंदी वाढते हे विसरू नका, दोन उभ्या गाड्यांमधून जाताना पहिला तोच ठोकला जातो. हँडल वळवलं की तोही वळतो आणि नेमका वळणावर रस्त्याऐवजी कुंपण दाखवतो. उभं राहून चढ चढताना त्यात काहीच दिसत नाही. ड्रॉप बारवाल्यांची, म्हणजे खाली वळलेलं रेसिंग हँडल असणाऱ्यांची, तर वेगळीच तऱ्हा, टोक इतकं खाली असतं की आरशात स्वतःची मांडी वरखाली होताना दिसते, त्यांनी हूडजवळ, म्हणजे ब्रेकवरच्या रबरी पकडीजवळ बसणारा किंवा सरळ हेल्मेटचा घ्यावा. मागे लहान मुलाची सीट किंवा उंच सामान असेल तर उलट, हेल्मेटच्या आरशात तेच दिसत राहतं, तिथे हँडलचा बाहेर आलेला आरसा बरा. आडवं बसून चालवायच्या रिकम्बंट सायकली आणि ट्राइकला दोन्ही बाजूंना दोन, त्यात चर्चाच नाही, कारण त्यांना मागे वळताच येत नाही. जर्मनीत ज्यांची मोटर ताशी ४५ किमीपर्यंत पॅडलला मदत करते त्या इलेक्ट्रिक सायकलींना, म्हणजे स्पीड-पेडेलेकना, आरसा सक्तीचाच आहे, तेवढ्या वेगात वळून बघणं हा प्रकारच राहत नाही.

रात्री आरशात फक्त दिवे दिसतात, गाडी नाही, आणि एकट्या दिव्यावरून ती मोटरसायकल आहे की एक दिवा गेलेली कार ते कळत नाही. मी मोठी गाडी धरून चालतो. सपाट आरशात मागचा प्रखर दिवा थेट डोळ्यात मारतो, तेव्हा डोकं जरा झुकवायचं की चित्र निघून जातं, हेल्मेटवाल्यांची ही सोय चांगली आहे. ॲक्रिलिकवर बारीक ओरखडे असतील तर दिवसा काही वाटत नाही पण रात्री प्रत्येक दिव्याभोवती धुकं पसरतं. हे ओरखडे आपणच पाडतो, धुळीचा आरसा कोरड्या बाहीने पुसून. आधी पाणी, मग मऊ फडकं. काचेचा आरसा सहसा ओरखडत नाही पण फुटतो, डोळ्याजवळ मी काच लावणार नाही, हँडलवर लावेन.

हेल्मेटला आरसा बसवताना भोक पाडू नका आणि कसलाही झणझणीत वासाचा गोंद लावू नका, आतला फोम असल्या गोंदातल्या द्रावकाने विरघळतो आणि ते वरून दिसतही नाही. दुहेरी टेप किंवा झिप टाय. आणि धडपडलात तर आरसा सुटून पडला पाहिजे, तो घट्ट रोवलेला बरा नाही.

मागे लावायच्या रडारबद्दल पण विचारतील म्हणून लिहितो. गार्मिनचं वारिया वगैरे, मागून येणारी गाडी १४० मीटरपर्यंत ओळखतं आणि बीप करतं. मोकळ्या हायवेवर मला ते खूप आवडतं, कारण आरशात बघायचं कधी ते ते सांगतं. पण गाडी तुम्हाला जागा देतेय का हे ते सांगत नाही, तुमच्याच वेगाने मागे चिकटून चाललेली गाडी बऱ्याच मॉडेलना नीट कळत नाही, आणि गर्दीच्या रस्त्यावर सतत बीप बीप होऊन शेवटी माणूस ऐकणंच सोडतो. आरसा असेल तर रडार चांगलं, आरशाऐवजी मी घेणार नाही.

तर तुमच्यासाठी. आहे तो आरसा लगेच फेकू नका. सांधा आवळा, ट्यूबचा तुकडा घाला, दंडाची पट्टी जुळवा आणि दोन आठवडे खांबाचा खेळ खेळा. जोडीला एक सपाट हेल्मेटचा घ्या, आधी घराभोवती फिरून सवय करा. दोन्ही एकदम वापरले तरी बिघडत नाही, मी कामाला जाताना दोन्ही ठेवतो, हँडलचा "कोणीतरी आहे" सांगतो आणि हेल्मेटचा "किती जवळ आहे" ते सांगतो. महिन्याभरात ज्याच्याकडे तुमची नजर आपोआप जात असेल तो ठेवा, दुसरा काढा.

आणि हो, पंक्चर काढायला सायकल उलटी करायच्या आधी टोकाचा आरसा काढा किंवा आत वळवा. ते निम्मे मोडले म्हणालो ना, त्यातले तीन असेच गेलेत.